आमच्या माणसाच्या सुया

लकव्याने आमच्या माणसाचा, माझ्या नवऱ्याचा, उजवा हात गेला. त्यानंतरचं सांगते. हात हलावा म्हणून त्याला अर्नाळ्याहून विरारला एका डॉक्टरकडे सुया टोचून घ्यायला नेत होते. डॉक्टर दर सुईला विचारायचे, "काका, काही जाणवतं?" हा म्हणायचा, "नाय." आठव्या खेपेला डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, हाताला काहीच कळत नाही. अजून एकदा बघू, मग थांबवू."

घरी येऊन शिंगाळा मासा साफ करायला बसले, तर त्याचा काटा बोटात घुसला. मी बोंबलले. हा खाटेवरून हसला. "एवढ्याशा काट्याला ओरडतेस? डॉक्टर एवढ्या सुया टोचतो, मी हूं तरी करतो का?"

"म्हंजे तुला दुखतं?"

"मग! जीव जातो. पन बाजूला दोन बाया सुया लावून गप बसतात. दर्यावरचा मानूस मी, त्यांच्यासमोर ओरडू?"

"मेल्या, या ऐटीत हात घालवशील!"

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी सुई टोचून पुन्हा विचारलं. याने बायांकडे बघितलं आणि म्हणाला, "नाय."

मी म्हटलं, "डॉक्टर, याच्या तोंडाकडे बघू नका, डाव्या पायाकडे बघा. दुखलं की अंगठा वळतो. तीस वर्षं बघतेय मी."

सुया चालू आहेत. डॉक्टर हाताला टोचतात आणि अंगठ्याला विचारतात.