बैलांचा सोमवार

शुभांगी: नाना, तो हात धरू नका. पट्टी कालच बदललीय.

गोटीराम: धरत नाय गं. बघतोय फक्त. किती गेली?

भारत: दोन. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

गोटीराम: अन् बापाला आठ दिवसांनी कळतं. तेबी शेजारच्या मळ्यातल्या मल्हारीच्या तोंडून, मेथीच्या जुड्या बांधताना.

भारत: सांगितलं असतं तर तुम्ही मळा टाकून धावत आला असता.

गोटीराम: मळा काय उठून जातो व्हय कुठं? तो हाय मखमलाबादलाच.

शुभांगी: मी म्हणत होते कळवू या. यांनी शपथ घातली. नाना, खाली का बसलात? सोफ्यावर बसा ना.

गोटीराम: त्याच्यावर प्लास्टिकचा कागद हाय अजून.

शुभांगी: दिवाळीपासून आहे. बसायला घरात असतं कोण?

भारत: शुभांगी, पुरे.

गोटीराम: झालं कसं, ते सांग.

भारत: प्रेसवर. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायानं पेडल दाबायचं. हात निघायच्या आत पाय पडला.

शुभांगी: डोळा लागला होता. तेही सांगा.

भारत: दुसरी पाळी होती सलग.

शुभांगी: दुसरी नाही, नाना. तेरा दिवस रोज दोन पाळ्या. अंबडहून इंदिरानगर किती लांब आहे? तरी घरी यायचे ते नुसते झोपायला. बूट मी काढायचे.

गोटीराम: आता पुढं काय?

भारत: आज बारा वाजता साहेबांचा फोन येणार आहे, शेजारी यशोदाबाईंकडे. स्टोअरमध्ये बसून काम आहे, एकच पाळी. पगार कमी. नाहीतर बरं वाटल्यावर परत प्रेस, परत दोन पाळ्या. काय ते आज सांगायचं.

गोटीराम: मग?

भारत: मग काय? डावाच हात गेलाय. उजवा शाबूत आहे.

शुभांगी: ऐकलंत? हे असं चाललंय आठ दिवस. मिक्सर खोक्यात आहे, गॅलरीतल्या झोपाळ्यावर मी कपडे वाळत घालते. कशासाठी चाललंय हे सगळं?

भारत: तुझ्यासाठीच ना? मी लहान असताना घरात तीन ताटल्या होत्या. चौथा माणूस आला की कुणीतरी थांबायचं. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात काही कमी पडू द्यायचं नाही.

गोटीराम: थांबायची तुझी आई.

भारत: हो. आईच.

गोटीराम: भारत, आपल्याकडं सोमवारी औत जुंपत नव्हतो. ध्यानात हाय?

भारत: आहे. पण कंपनीत बैल नसतात, नाना.

गोटीराम: एक व्हता की. त्याची दोन बोटं गेली.

शुभांगी: बघा. हसले. आठ दिवसांत आज हसले.

भारत: एकदा मी जुंपले होते बैल सोमवारी. दसऱ्याच्या आधी, तुम्ही बाजारात होतात. वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही आलात, जू उतरवलंत आणि बैलांच्या पाया पडलात. मला एक शब्द बोलला नाहीत. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

गोटीराम: माझा बाप तसाच करायचा, म्हणून मीबी केलं. मुकं जनावर, सांगू शकत नाय, म्हणून आपण ध्यानात ठेवायचं. लय अभिमान व्हता मला त्याचा. गावात सांगायचो, गोटीरामाचा सोमवार कधी चुकला नाय.

भारत: चुकला नाहीच.

गोटीराम: अरे, बैलांचा चुकला नाय. मी बैल धुवायचो, चारा घालायचो अन् लिंबाखाली पडून राहायचो. अन् तुझी आई, सखू? सोमवारी महादेवाला फुलं जास्त लागतात. ती अंधारात उठून झेंडू तोडायची. पाटी डोक्यावर घेऊन पंचवटीत जायची. परत येऊन भाकरी टाकायची. बैलाला सोमवार व्हता, तिला नव्हता. लिंबाखालून मी बघायचो तिला जाताना, येताना. माझ्या डोक्यात कधी आलंच नाय.

शुभांगी: आई काही म्हणायच्या नाहीत?

गोटीराम: एकदा म्हणाली. बैलांना गूळ देत व्हती हातानं. म्हणाली, अहो, मला बैल तरी करायचं देवानं. मी हसलो. तीबी हसली. मला वाटलं, गंमत करतीय.

भारत: नाना, ती गेली तेव्हाही माझी दुसरी पाळी चालू होती. निरोप गेटवर पडून होता. पाळी सुटल्यावर हातात आला.

गोटीराम: ठावं हाय.

भारत: मला विचारलं होतं का तिनं? वर्ष झालं, तुम्हाला विचारायचा धीर होत नाही.

गोटीराम: तुला नाय विचारलं. मलाबी नाय. खाटेवरून म्हणाली, झेंडू तोडून झाला का? मी म्हणालो, झाला. झाला नव्हता. मग डोळे मिटले तिनं.

(भिंतीपलीकडे फोनची घंटी वाजते. थोड्या वेळानं यशोदाबाईंची हाक येते.)

शुभांगी: तुमचाच असेल.

भारत: जातो.

गोटीराम: मी काही सांगणार नाय, भारत. मला त्वांड नाय सांगायला.

शुभांगी: चप्पल घाला. नाना, चहा टाकू?

गोटीराम: नको. बस जरा. ते शिवणाच्या मशीनवर काय हाय लाल?

शुभांगी: साड्यांचे फॉल. शेजारपाजारच्या देतात. हे नसतात तर वेळ जात नाही.

गोटीराम: सकाळी कितीला उठतीस?

शुभांगी: चारला. दोन पाळ्यांचे दोन डबे लागायचे ना.

गोटीराम: आता हात दुखावलाय, डबा नाय. मग?

शुभांगी: तरी चारलाच जाग येते. उठते, ओटा पुसते.

गोटीराम: पुसलेलाच?

शुभांगी: हो. पुसलेलाच.

गोटीराम: आला बघ. काय म्हणाला साहेब?

भारत: म्हणाले, दोन दिवस विचार करून सांग, नुकसान होईल तुझं.

शुभांगी: मग तुम्ही?

भारत: म्हटलं, स्टोअरमध्ये लिहा नाव. एकच पाळी.

शुभांगी: खरंच?

भारत: कमी पडेल, शुभांगी. आताच सांगतो. खूप गोष्टी राहून जातील.

शुभांगी: राहू देत. थांबा, चहा टाकते आता.

भारत: तू बस. सोफ्यावर बस. तो कागद काढ आधी. चहा मी करतो.

शुभांगी: एका हातानं?

भारत: नाना आहेत ना मदतीला.

गोटीराम: मला चहा येत नाय रे. उभ्या जन्मात केला नव्हता.

भारत: मग वर्षभर करता काय?

गोटीराम: पाणी उकळतो, पावडर टाकतो. रंग आला की पितो. पहिले तीन दिवस तर बिनसाखरेचाच प्यायलो. घरात साखर असणार, हे ठावं व्हतं. ती कुठं ठेवायची, ते ठावं नव्हतं.

शुभांगी: वरच्या फळीवर आहे, नाना. उजव्या हाताला, स्टीलचा डबा.