आधी न्याहारी, मग चपला

तुम्ही सकाळी मुलांच्या मागे बशी घेऊन पळता ना? आमच्या टाकव्याला पळावंच लागत नाही. माझ्या सासूबाई उठल्या उठल्या सगळ्यांच्या चपला लपवून ठेवतात! नाचणीची भाकरी आणि उसळ पोटात गेली की चपला मिळतात. मी लोणावळ्याची, चहा-बिस्किटावर वाढलेली. शाळेत प्रार्थनेला चक्कर यायची. इथे माझ्या मुलांना कधी आली नाही. मानलं बाईंना.

सगळ्यांत जास्त कुरकुर सासऱ्यांची. "रानात जायाचंय, चपला दे," म्हणून रोज भांडायचे आणि भांडता भांडताच दोन भाकऱ्या संपवायचे.

परवा सासूबाईंना बचत गटाच्या मीटिंगला उशीर झाला. आम्हाला सगळ्यांना खायला घालून स्वतः तशाच निघाल्या, तर दारात त्यांच्याच चपला नाहीत.

"आवं, माज्या चपला कुटं गेल्या?"

ओसरीवरून सासऱ्यांनी विचारलं, "तू खाल्लंस का?"

"आल्यावर खाते. लय उशीर झालाय, द्या आदी!"

"लपवल्यात मीच. पन कुटं, त्ये ध्यानात न्हाई. तू खा, तवर आठवतो."