शांत आरतीचे बावीस

मुलुंडच्या दवाखान्यात बसलेल्या जयंतीबाईंचा एक कान शेजारच्या दोघींकडे होता.

“तुमच्या सोसायटीत गणपतीची शांत आरती असते म्हणे?”

“माझ्या ओजससाठी गं. ऑटिझम आहे ना, झांजांचा आवाज सहन होत नाही त्याला.”

“मग?”

“मग काय, अर्धी सोसायटी तिथेच यायला लागली! शेवटी गर्दी नको म्हणून ओजसच हॉलच्या दारात उभा राहिला. बावीस माणसं झाली की दार बंद.”

“आणि तुमचे ते झांजवाले सेक्रेटरी?”

“तेविसावे!”

“अगं बाई! काय म्हणाला त्यांना?”

“गेल्या वर्षी ते त्याला म्हणाले होते, तेच. ‘त्रास होत असेल तर घरी बसावं.’”

जयंतीबाईंचा नंबर आला. त्या उठल्याच नाहीत.

“अहो, मग घेतलं का त्यांना आत?”

“घेतलं ना. झांजा बाहेर ठेवायला लावून!”