बिनपासाचे साहेब

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? शेजारच्या कोंडाबाईच्या मीराचा कॉलेज-प्रवेशाचा शेवटचा दिवस, आणि दाखल्यावर साहेबांची सही राहिलेली. म्हणून दोघींसोबत मीही हिंगोलीला गेले. साहेबांच्या ऑफिसला नवंच लोखंडी गेट बसलं होतं. गेटवरचा शिपाई आमच्या पुसेगावचाच निघाला.

"मावशी, पासाबिगर आत जाता येत न्हाई."

"पास कुठं भेटतो?"

"आत."

"मग जाऊ दे की आत."

"पास कुठंय?"

माझं डोकंच चालेना. शेवटी त्यानंच काठी माझ्या हातात दिली. "मी पास आणतो. तवर बिनपासाचं कोणालाच सोडू नका."

शेळ्या कोंडताना धरते तशी मी काठी दारात आडवी धरली. तेवढ्यात एक चष्मेवाले आले.

"पास?"

"अहो बाई, मी इथला साहेब!"

"असाल. पास दाखवा."

शिपाई रिकाम्या हातानं परत आला. "मावशी, साहेब आत न्हाईत. पासावर सही कोण करील?" मग त्यानं काठीपलीकडे पाहिलं आणि कडक सलाम ठोकला.

मीरानं दाखला पुढं केला. साहेबांनी तो गेटच्या खांबावर टेकवून तिथंच सही केली. "आता तरी सोडता का?"

मी शिपायाकडे वळले. "काय रे, सोडू का?"