वर्तुळातले ठिपके

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील अधिष्ठाता सर, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या जंतुशास्त्र विभागाच्या प्रमुख बाई, त्यांचे यजमान, आणि ड्युटी बदलून का होईना, पण आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

बाई आज निवृत्त होताहेत, त्यांच्या जागी उद्यापासून मी. म्हणून मी बोलावं असं ठरलं. गौरवाचं भाषण लिहूनही आणलंय. ते पर्समध्येच राहू द्या. सकाळपासून डोकं एका प्लेटमध्ये अडकलंय.

अतिदक्षता विभागात एक बाळंतीण आहे. येताना धडधाकट होती. रक्तातला जंतू तिला इथेच लागला, आपल्याच इमारतीत, शिरेतल्या नळीवाटे. तो जंतू आम्ही प्रयोगशाळेत, जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरतो आणि वर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतो. औषध लागू पडलं की टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ उरतं. पूर्वी अशी वर्तुळं भरपूर दिसायची. हल्ली जंतू टिकलीला खेटून वाढलेले असतात. बघून बघून माणूस थकतो हो. आज एकाच औषधाभोवती वर्तुळ होतं, आणि त्यातही बारीक ठिपके.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, एवढंच सांगा, ते औषध चालेल का?"

"चालायला ते काय घड्याळ आहे?" बाई म्हणाल्या. "वर्तुळात ठिपके आहेत. काही जंतू औषधाला पुरून उरले असतील, नाहीतर दुसराच कुठला मिसळला असेल. चाचणी पुन्हा लावतेय, उद्या कळेल. तोवर या एकाच औषधाच्या भरवशावर तिला ठेवू नका."

"तिची आई दारात उभी आहे. काय सांगू?"

"उद्या सांगतो, असं सांगा."

हे म्हणायला काय लागतं, हे या सभागृहात किती जणांना ठाऊक असेल? "चालेल" म्हटलं असतं तर आम्ही सगळेच सुटलो असतो. बाळंतीण सोडून.

फोन ठेवून बाई मला म्हणाल्या, "उद्या येते गं मी. दोघी मिळून वाचू." मी लगेच हो म्हटलं. इतकं हायसं वाटलं, की तेच मग खटकत राहिलं. म्हणून सर्वांसमक्ष शब्द मागे घेते. बाई, उद्या येऊ नका. तुम्ही शेजारी असलात तर मी प्लेटकडे बघणार नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघेन.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. रिपोर्टमध्ये झालं, तर मात्र घालू नका.