चौरस्त्यावर दोन निळे दिवे

मार्नी: हलू नका म्हटलं ना, चीफ! तुम्ही हललात की माझी मूठ सरकते.

ऑरिन: हलत नाहीये मी. खोकतोय.

मार्नी: मग खोकू नका.

ऑरिन: बरं बाई. तुझ्या कपाळावरून रक्त येतंय.

मार्नी: काच लागली असेल. माझं सोडा. वॉकीटॉकीचं बटन दाबा आणि माझ्या तोंडाशी धरा. उजवा हात चालतोय ना?

ऑरिन: उजवा चालतोय. डाव्याचं काही विचारू नकोस. हं, बोल.

मार्नी: लोइस, मी मार्नी बोलतेय. कॉर्बिन हॉलो, मिल रोडचा चौरस्ता. ऐकू येतंय का?

लोइस: कंट्रोलवरून लोइस. बोल मार्नी. तू आणि चीफ शाळेच्या आगीच्या अलार्मवर निघालात ना? मग चौरस्त्यावर काय करताय?

मार्नी: शाळा राहू दे. आमच्याच गाड्या एकमेकींवर आदळल्यात. मी बाहेर पडले, चीफ त्यांच्या पिकअपमध्ये अडकलेत. डॅशबोर्ड मांड्यांवर बसलाय. पार वर, जांघेच्या जरा खाली जखम आहे, धो धो वाहत होती, मी मूठ रोवून दाबून धरलीय. डॅशबोर्ड आहे तोवर रक्त थांबवायचा पट्टा आवळायला जागाच नाही. पत्रा कापून काढल्याशिवाय काही होणार नाही. कटर पाहिजे, लोइस. आत्ता.

लोइस: अगं बाई! थांब, शेजारच्या वेस्ट फोर्कला सांगते. चीफ शुद्धीवर आहेत?

ऑरिन: शुद्धीवर आहेत आणि त्यांना ऐकूही येतंय.

लोइस: वेस्ट फोर्कची अँब्युलन्स निघाली. पंचवीस मिनिटं. त्यांचा कटर मात्र बंबावर, त्याला पस्तीस. बर्फ वितळून खालचा रस्ता नुसता चिखल झालाय, वरून वळसा घालतील. पण कटर तर तुमच्या स्टेशनातल्या बंबावरही आहे की! दोन मैलांवर!

मार्नी: आहे ना. आणि दिवसाउजेडी तो बंब चालवणारी दोन माणसं आहेत गावात. दोघंही इथंच आहेत.

लोइस: तुमच्या फळ्यावर एकोणीस नावं आहेत, मार्नी.

ऑरिन: आग विझवायचा पगार कोण देतं, लोइस? सगळी पोटापाण्याला गेलीत, चाळीस-चाळीस मैलांवर. संध्याकाळी सहानंतर अडकलो असतो तर अठरा जण आले असते.

लोइस: मी सगळ्यांचे पेजर पुन्हा वाजवते. आणि चीफ, शाळेचा अलार्म खोटा होता. स्वयंपाकघरात पॅनकेक करपले होते. मुलं सगळी सुखरूप आहेत.

ऑरिन: पॅनकेक.

मार्नी: हसू नका. तुम्ही हसलात तरी मूठ सरकते.

ऑरिन: मार्नी.

मार्नी: काय?

ऑरिन: स्टॉपची पाटी माझ्या बाजूला होती.

मार्नी: माहितीय.

ऑरिन: मी थांबलो नाही.

मार्नी: तेही माहितीय, चीफ. समोर मीच होते.

ऑरिन: तुझ्या गाडीवरचा दिवा दिसला होता मला. कुंपणाच्या पलीकडून, चांगला लांबून. म्हटलं, आपलीच पोर आहे, माझा निळा दिवा ओळखेल, थांबेल.

मार्नी: आणि मी तुमचा बघितला. म्हटलं, चीफ आहेत, चीफ काही पाटी मोडायचे नाहीत. ब्रेकवर पायसुद्धा ठेवला नाही मी.

ऑरिन: परकी गाडी असती तर थांबलो असतो.

मार्नी: मीसुद्धा.

ऑरिन: पाय ब्रेकवर गेला होता गं. खरंच गेला होता. मग शाळा डोळ्यांपुढे आली. नातू आहे तिथं, दुसरीत.

मार्नी: वर्षभर तुम्ही मला गाडीवर निळा दिवा लावायचं कार्ड दिलं नाहीत. दर बैठकीला तेच ऐकवायचं. 'निळा दिवा म्हणजे विनंती, हुकूम नव्हे. लोकांनी वाट दिली तर घ्यायची. नाही दिली तर शिव्या द्यायच्या, त्याही मनातल्या मनात.' पाठ झालंय मला. तीन आठवड्यांपूर्वी सही केलीत, तेव्हा पेन हातात धरून पुन्हा एकदा ऐकवलंत.

ऑरिन: बोल. तुझा हक्कच आहे.

मार्नी: बोलणारच आहे. घाबरलेय, म्हणून बोलतेय. गप्प बसले तर रडू फुटेल, आणि रडले तर हात हलेल.

ऑरिन: श्श. गाडी येतेय.

मार्नी: अहो! इकडे! अहो, थांबा! मदत पाहिजे! चीफ, हॉर्न दाबा!

ऑरिन: हॉर्न माझ्या छातीत रुतलाय. कधीच मेला तो.

मार्नी: अहो! अहो, इकडे बघा! हात हलवला त्यांनी. चीफ, त्यांनी हसून हात हलवला आणि कडेकडेनं निघून गेले! आंधळे आहेत का?

ऑरिन: आंधळे कसले, चांगली माणसं आहेत. दोन निळे दिवे फिरताना दिसले. त्यांना वाटलं, दलाची माणसं आलीच आहेत, आपण कशाला मधे लुडबुडायचं.

मार्नी: मग बंद करा ना तो मेला दिवा!

ऑरिन: बटन डाव्या हाताला आहे. तुझा बंद कर.

मार्नी: माझा माझ्या गाडीत आहे. दहा पावलांवर. तुम्हाला सोडून मला एक पाऊल टाकता येत नाही.

ऑरिन: तुझी गाडी चालेल का गं?

मार्नी: बंपर गेलाय. चालेल. का?

ऑरिन: स्टेशनात जायला चार मिनिटं. बंब घेऊन यायला सहा.

मार्नी: नाही.

ऑरिन: मी उजव्या हातानं धरतो दाबून.

मार्नी: नाही म्हटलं ना.

ऑरिन: चीफ म्हणून सांगतोय. हुकूम आहे.

मार्नी: हुकूम काय? बरं, दाखवा करून. घाला हात, माझ्या मुठीच्या वर. दाबा. अजून. एवढाच जोर? मी फक्त जरा सैल सोडते हं... नाही, नाही, नाही! काढा हात! बघितलंत? बघितलंत किती आलं ते?

ऑरिन: बघितलं.

मार्नी: पुन्हा असले हुकूम देऊ नका मला.

ऑरिन: थंडी वाजतेय गं फार.

मार्नी: मार्च आहे. वाजणारच. मलाही वाजतेय. डोळे उघडे ठेवा.

लोइस: मार्नी! चीफ! तुमच्या स्टेशनात माणूस पोचलाय. एव्हरेट ह्यूब. पेजर ऐकून चालत आले. तुमच्याशी बोलायचंय म्हणतात.

एव्हरेट: ऑरिन, लेका, काय करून ठेवलंस हे?

ऑरिन: विचारू नका, एव्हरेट.

एव्हरेट: बंबाचं इंजिन चालू करून ठेवलंय मी. पण ड्रायव्हरांच्या यादीत माझं नाव नाही. जानेवारीत तूच पुसलंस, भर बैठकीत.

मार्नी: एव्हरेट, ते आत्ता काढू नका हो! हात जोडते, म्हणजे जोडता येत नाहीत, पण या! नुसते या!

एव्हरेट: पोरी, रुसून बोलत नाहीये मी. नीट ऐका दोघं. त्या दिवशी मी टेबलावर हात आपटले. एक्याऐंशीव्या वर्षी माझी नजर घारीसारखी आहे म्हणालो. साफ खोटं होतं ते. डाव्या डोळ्यानं मला काही दिसत नाही, मागच्या उन्हाळ्यापासून. समोरून गाडी आली तर ती पार नाकाशी येईपर्यंत कळायचं नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही मी.

लोइस: एव्हरेट, हे सगळं रेकॉर्ड होतंय.

एव्हरेट: होऊ दे. बायको घरी वायरलेस लावूनच बसलेली असते. कळलं असेल आता तिलाही.

ऑरिन: इंजिन बंद करा, एव्हरेट.

मार्नी: काय?

ऑरिन: बंद करा. आज दोन्ही डोळे धड असताना मी या पोरीच्या अंगावर गाडी घातली. आता तुम्हाला बारा टनांचा बंब घेऊन शाळेवरून यायला सांगू? कुणासाठी, माझ्यासाठी?

मार्नी: चीफ, पस्तीस मिनिटं! तेवढी नाहीयेत तुमच्याकडे! माझा हात बधिर झालाय. मी दाबतेय की नुसती टेकवून ठेवलीय, तेसुद्धा कळत नाही मला!

ऑरिन: तरी नाही.

मार्नी: आणि तुम्ही गेलात म्हणजे? माझ्या हाताखाली गेलात म्हणजे? मी रोज याच रस्त्यानं कामावर जाते, चीफ. मला विचारलंत का एकदा तरी?

एव्हरेट: झालं का दोघांचं? आता माझं ऐक, ऑरिन. पंचावन्न वर्षं फुकट पाणी मारलं मी या गावात, पण बंब एकदाही सावकाश चालवला नाही. आज चालवतो. दिवे लावत नाही, भोंगा वाजवत नाही. पोस्टातली ग्लेंडा इथं उभी आहे. ती तिची गाडी घेऊन पुढे निघेल, रस्त्याच्या मधोमध, आणि समोरून येणाऱ्याला कडेला घेईल. मी तिच्या मागे. तिच्या गाडीचा मागचा भाग दिसला म्हणजे झालं, तेवढ्याला उजवा डोळा पुरे. पंधरा मैलांच्या वर काटा जाऊ देणार नाही. दहा मिनिटं लागतील. पण तू हो म्हणाल्याशिवाय चाक हलणार नाही. चीफ तू आहेस.

मार्नी: म्हणा ना, चीफ. म्हणा ना हो.

ऑरिन: प्रत्येक पाटीला थांबाल?

एव्हरेट: थांबेन.

ऑरिन: पूर्ण? चाकं थांबवून?

एव्हरेट: तुझा जीव जात असला तरी थांबेन.

ऑरिन: लोइस, लिहून घे. एव्हरेट ह्यूबला बंब काढायची परवानगी मी दिली. काही झालं तर माझ्यावर.

लोइस: लिहिलं.

ऑरिन: आणखी एक. पाटी माझ्या बाजूला होती. मार्नीचा काही दोष नाही. हे मी शुद्धीवर असताना बोललोय, असंही लिही.

मार्नी: लोइस, ते नको लिहूस. निरवानिरव केल्यासारखं बोलताहेत ते.

लोइस: लिहिलं, मार्नी. निघा, एव्हरेट.

ऑरिन: आता बरं वाटतंय.

मार्नी: बरं वाटून घेऊ नका. मला काहीतरी सांगा. पेजर वाजला तेव्हा काय करत होता?

ऑरिन: ब्रॅडीच्या गोठ्यात दूध काढायच्या मशीनचा पंप खोलून बसलो होतो. सगळे स्क्रू बादलीत टाकलेत. त्याला म्हटलं, आलोच पाच मिनिटांत.

मार्नी: ब्रॅडी शिव्या देत असेल.

ऑरिन: गाई देत असतील. तू?

मार्नी: पार्लरमध्ये. एका बाईची भुवई अर्धी राहिलीय. एकच.

ऑरिन: हं.

मार्नी: चीफ? हं काय? चीफ!

ऑरिन: ऐकतोय. एकच भुवई.

लोइस: मार्नी, एव्हरेट शाळेच्या पाटीला थांबलेत.

मार्नी: थांबलेत? आता तिथं कोण आहे रस्त्यावर? कशाला थांबलेत!

ऑरिन: शब्द दिलाय त्यांनी.

लोइस: निघाले. पुलाजवळ रस्त्याच्या कामावरचे दोघे जण भेटले, त्यांनाही बंबात घेतलंय.

मार्नी: चीफ, ऐका, इंजिन ऐकू येतंय! ग्लेंडा दिसतेय, अंगात जीव नसल्यासारखी हळू चालवतेय. मागे बंब आहे. चीफ, बंब आला! डोळे मिटू नका, मेहनत वाया घालवू नका माझी!

(बंब येऊन थांबतो. दारं उघडतात, कटरचं इंजिन सुरू होतं.)

एव्हरेट: तुम्ही दोघे, हे असं धरा आणि मी सांगेन तेवढंच उचला. ऑरिन, डोळे उघड, लेका.

ऑरिन: उघडेच आहेत. तुमच्यापेक्षा एक जास्त.

एव्हरेट: जीभ शाबूत आहे म्हणजे माणूस शाबूत आहे. हं, उचला. हळू. अजून थोडं. बास! पट्टा घालतोय मी. पोरी, तू तशीच राहा. आवळतो आता. ऑरिन, ओरडायचं तर ओरड.

ऑरिन: ओरडतोच आहे. आवाज येत नाहीये फक्त.

एव्हरेट: बसला. थांबलं रक्त. लोइस, अँब्युलन्सला सांग, माणूस मोकळा झालाय. सोड, मार्नी.

मार्नी: नक्की बसलाय? पुन्हा बघा.

एव्हरेट: बघितलं. या धड डोळ्यानं बघितलं. सोड आता.

मार्नी: सुटत नाहीये.

एव्हरेट: काय सुटत नाहीये?

मार्नी: मूठ. उघडत नाहीये, एव्हरेट. मी उघडतेय पण ती ऐकतच नाही. चीफ, मला हात काढता येत नाहीये!

ऑरिन: मार्नी. इकडे बघ. माझ्याकडे.

मार्नी: बघतेय.

ऑरिन: एकेक बोट काढ. कसलीही घाई नाही.