दोन्ही हातांनी धर

धर, धर — एका हातानं नको, दोन्ही हातांनी धर, एवढासा पेला, त्याला कान नाही, चटका बसेल. हां, अस्सं. आणि बस इथं बाकावर, उभ्या उभ्या कुणी कॉफी पितं का? आत जायची घाई कशाला — आत काय ठेवलंय? कोर्दोफानवाल्यांचा मेळावा म्हणे! पूर्वी व्हायचा मेळावा. तेव्हा कैरोत आम्ही आपापल्या कामानं आलेलो, कुणी शिकायला, कुणी गुडघे दाखवायला — वर्षातून एकदा जमायचं, गावाकडची गाणी म्हणायची, भांडायचं, जेवायचं. आता लढाईतून पळून आलेले सगळे, दारातून पाऊल आत टाकलं की आधी दोन्ही तळहात वर, मयतासाठी दुआ. हिचा नवरा गेला — हात वर, फातिहा. त्याचा भाऊ गेला — हात वर, फातिहा. मग त्यांनीही आपल्यापुढं तसेच हात वर करायचे. तोवर ताटातली असीदा गार दगड होते.

गेल्या वर्षीचं सांगते, हसशील. आमचा हाजी बिलाल, त्याला सगळ्याचीच घाई. नफीसा दारात दिसली रे दिसली, की ह्यानं तिच्यापुढं हात वर केले. तिचा नवरा गेल्याचं कुणीतरी ह्याच्या कानावर घातलेलं. आणि ती वेडी, तिनंही केले! मग काय, सगळ्यांनीच केले, मीसुद्धा. विधवेचा पांढरा तोब नेसून इद्दत धरून बसली बाई — आणि नवरा अस्वानच्या बसमधून उतरला, धडधाकट, काखेत करकदेच्या सुक्या फुलांची पिशवी! पोट धरून हसलो आम्ही. नफीसा नाही हसली. तिनं हात वर केले होते ना, ते तिला अजून खातं. म्हणून मी ठरवलंय — दुसऱ्यानं करायचे तर करू देत, आपण नाही करायचे. आपण केले की संपलं, मग आपणच पुरलं त्याला. बरोबर ना?

तू हसला नाहीस. असू दे. आण पेला इकडं, दुसरी घे. पहिल्याच पेल्यावर उठायचं नसतं, तू आपल्या उबैदचा, तुला काय सांगायचं. काय? माझं नाव? — माहीत आहे की तुला. मघाशी दारात विचारत होतास, सित्तना कोण, तिजानीची आई कोण. ऐकलं मी. म्हणून तर ही कॉफीची जबना उचलून तुझ्या मागनं आले आणि तुला इथं ओढलं.

ती बघ, खिडकीतून दिसते ती, पिवळ्या तोबातली. रिहाब. माझी सून. मांडीवर पोरगी आहे, तिजानीनं अजून पाहिली नाही — 'अजून' म्हटलं मी, ऐकलंस ना? सकाळी ही निघायलाच तयार नव्हती. म्हटलं, चांगला पिवळा तोब नेस, उद्या नवरा येऊन बघेल तर अशा अवतारात ओळखायचा नाही. तेव्हा हसली. बघ, आताही हसतेय. किती दिवसांनी. हसू दे की रे तिला जरा.

पिशवीत काय बघतोस? तोब आहे. पांढराच. संध्याकाळी गारठा पडतो ना, म्हणून घेतला. दोन घेतले — एक माझा, एक तिचा. गारठ्यासाठीच.

नाही, नाही, बोलू नकोस. लंगडतोस ते बघितलं मी. तिजानीच्याच लॉरीत होतास ना तू? कोस्तीच्या रस्त्यावर बंदूकवाल्यांनी लॉरी अडवली, माणसं खाली उतरवली, इथवर कळलंय मला. पुढचं नको. मला भीती वाटते रे. घरी फोन वाजला तर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडते, इतकी भीती वाटते. तू चांगल्या घरातला दिसतोस, आईबापांनी रीत शिकवलीय, पण आज राहू दे ती रीत. आत जेवून घे, गाणं ऐक, आणि जा. सित्तना भेटली नाही म्हण.

थांब, तिसरी घे आधी. आलं जास्त झालंय का? तिजानी म्हणायचा — म्हणतो, म्हणतो — आई, तुझ्या कॉफीत कॉफी नावाला, नुसतं आलंच. घे. ओतलीय मी.

अरे, भरलेला पेला खाली का ठेवलास? उचल तो. उचल रे बाळा, रिकाम्या हातांनी नको बसूस माझ्यापुढं. उचल म्हणते ना —